मालकीचा आकडा : युनिक्स ते लिनक्स

लिनक्स सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर बसवल्यानंतर काही फायलींची मालकी भलत्याच खात्याकडे गेल्याचे आढळते, आणि हा प्रकार सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याचे खापर बहुधा बसवणाऱ्याच्या हलगर्जीपणावर फोडून विषय संपवला जातो. हलगर्जीपणा असतोही; पण तो नसतानाही ही चूक घडते, आणि निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या साधनांमधून ती इतकी वर्षे घडत आली आहे की तिचे कारण व्यक्तींपेक्षा रचनेतच शोधावे लागते. फायलीचा मालक नावाने नव्हे तर आकड्याने नोंदवायचा, ही पद्धत युनिक्स या कार्यप्रणालीच्या बालपणीच रुजली. त्या आकड्याचा अर्थ ज्या यंत्राच्या नोंदवहीत लिहिलेला असतो त्या यंत्रापुरताच तो खरा असतो. आणि सॉफ्टवेअर बसवणे म्हणजे एका यंत्रावर घडवलेल्या फायली दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवणे. मालकीच्या गोंधळाचा इतिहास हा या आकड्याने आपली वेस ओलांडण्याचा इतिहास आहे.

आकडा हा एकमेव पर्याय मात्र नव्हता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी १९६०च्या दशकात मिळून हाती घेतलेल्या मल्टिक्स या प्रणालीत प्रत्येक फायलीबरोबर एक प्रवेशयादी, म्हणजे कोणाला वाचता येईल आणि कोणाला लिहिता येईल याची यादी ठेवलेली असे, आणि त्या यादीत व्यक्तीचे व तिच्या प्रकल्पाचे नाव अक्षरांतच लिहिलेले असे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने या प्रकल्पातून अंग काढून घेतले, आणि त्यानंतर न्यू जर्सीतील मरे हिल येथे केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर जी प्रणाली उभी केली तीच पुढे युनिक्स म्हणून ओळखली गेली. मल्टिक्सचा ऐसपैस संसार त्या यंत्रात मावणारा नव्हता, त्यामुळे युनिक्सची घडण पहिल्यापासून काटकसरीची राहिली आणि मालकाच्या नावालाही तीच कात्री लागली.

युनिक्समध्ये फायलीचे नाव आणि फायलीची माहिती वेगवेगळ्या ठिकाणी असतात. नाव डिरेक्टरीत असते, तर फाइल केवढी, तबकडीवर कोठे, कोणाची आणि तिच्यावर कोणाचा कोणता अधिकार, ही माहिती ‘आयनोड’ नावाच्या छोट्या नोंदीत असते. १९७५च्या सहाव्या आवृत्तीत ही अख्खी नोंद ३२ बाइटची होती आणि तीत मालकासाठी एक व गटासाठी एक बाइट राखलेला होता. आठ अक्षरांचे खातेनाव तेथे लिहायचे म्हटले असते तर नोंदीचा चौथा हिस्सा त्यातच गेला असता. एका बाइटात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, पण एका विभागातल्या एका यंत्राला तेवढे पुरत. कोणता आकडा कोणत्या खात्याचा, हे ‘पासवर्ड’ फाइल या नोंदवहीत वेगळे लिहिलेले असे. फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा आयनोडमधला आकडा वाचते, नोंदवहीत त्याचे नाव शोधते आणि ते पडद्यावर छापते. नाव सापडले नाही तर नुसता आकडाच छापते. म्हणजे पडद्यावर दिसणारे मालकाचे नाव फायलीवर कोठेही कोरलेले नसते, ते दर वेळी नव्याने लावले जाते. जमिनीच्या दप्तरात सर्व्हे नंबर ४२ गावोगाव असतो आणि गावाचे नाव जोडल्याशिवाय त्यावरून कोणाचीच जमीन ठरत नाही. युनिक्सने सर्व्हे नंबर ठेवला, गावाचे नाव मात्र ठेवले नाही, कारण तेव्हा गाव एकच होते.

या आकड्यांपैकी शून्याला सुरुवातीपासून वेगळे स्थान मिळाले. शून्य क्रमांकाचे खाते म्हणजे ‘रूट’, आणि त्याला परवानग्यांचे नियम लागू होत नाहीत. त्याच्या जोडीला रिची यांनी ‘सेट-यूआयडी’ ही योजना आणली, जिच्यामुळे एखादा प्रोग्राम तो चालवणाऱ्याच्या नव्हे तर स्वतःच्या मालकाच्या अधिकाराने चालू शकतो; सामान्य माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो याच योजनेमुळे, कारण पासवर्ड बदलणारा प्रोग्राम रूटच्या मालकीचा असतो. या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला, १९७९ मध्ये ते मंजूर झाले आणि नंतर सार्वजनिक वापरासाठी खुले करण्यात आले. या योजनेने मालकीचा अर्थच पालटला. तोपर्यंत मालकी ही केवळ फाइल कोणाची याची नोंद होती. आता ती अधिकाराची सनद झाली, आणि सनदेवर चुकीचा आकडा पडला तर चुकीच्या माणसाच्या हाती अधिकार जाऊ लागला.

मग मालक बदलण्याचा हक्क कोणाला द्यायचा, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. ‘चाउन’, म्हणजे मालक बदलण्याची आज्ञा, ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच सापडते. सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत हा हक्क फक्त रूटकडे ठेवला आहे आणि त्याचे कारण मिश्कीलपणे दिले आहे : लोकांना आपल्या फायली दुसऱ्यांच्या नावावर करता आल्या तर तबकडीवरील जागेचा हिशेब बिघडेल, आणि कंसात असे की हा हिशेब मुळात ठेवलाच जात नाही. पुढे एटी अँड टीच्या सिस्टिम व्ही या शाखेने मालकाला आपली फाइल देऊन टाकण्याची मुभा दिली, तर बर्कली विद्यापीठाच्या शाखेत १९८३च्या सुमारास जागेची मर्यादा खरोखरच अमलात आल्याने तेथे जुने बंधन कायम राहिले; १९८८च्या पॉझिक्स मानकाने दोन्ही पद्धतींना वाव ठेवला. लिनक्सने बर्कलीचा मार्ग धरला, आणि त्याचा परिणाम या विषयात दूरवर गेला : फायलींना योग्य मालक द्यायचा तर ते काम रूटलाच करावे लागते, म्हणून सॉफ्टवेअर बसवण्याचे काम रूटच्या अधिकाराने होते, आणि म्हणून बसवताना झालेल्या चुकीला अडवणारे कोणी उरत नाही.

फायलींची वेस ओलांडण्याची रीत १९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘टार’ या साधनाने पक्की केली. टार म्हणजे अनेक फायली एकापाठोपाठ एक रचून त्यांची एकच पेटी करणारा प्रोग्राम. तो मूळचा चुंबकीय फितीसाठी लिहिला गेला आणि पुढे इंटरनेटवरून सॉफ्टवेअर वाटण्याचे मुख्य वाहन बनला. पेटीत प्रत्येक फायलीआधी ५१२ बाइटची एक चिठ्ठी असते, आणि तीत फायलीचे नाव, परवानग्या, मालकाचा आकडा व गटाचा आकडा क्रमाने लिहिलेले असतात. फीत त्याच यंत्रावर परत उघडायची असेल तर ही व्यवस्था निर्दोष आहे, कारण तेव्हा टार हा निव्वळ साठवणीचा डबा असतो. फीत दुसऱ्या गावी गेली की तोच गुण दोष होतो : रूटने पेटी उघडली तर टार इमानेइतबारे प्रत्येक फायलीला चिठ्ठीतला मालक देते. सामान्य खात्याने उघडली तर फायली उघडणाऱ्याच्याच होतात, कारण दुसऱ्याला मालक करण्याचा हक्कच त्याला नसतो. जी सावधगिरी सामान्य खात्याला आपोआप लाभते ती रूटला मुद्दाम, वेगळा पर्याय देऊन, मागून घ्यावी लागते.

हा दोष ओळखून पॉझिक्स मानकाने १९८८ मध्ये चिठ्ठीत मालकाच्या व गटाच्या नावांसाठीही प्रत्येकी ३२ बाइटची जागा दिली. त्यानुसार पुढे लिनक्सवरील टार आधी नाव जुळवून पाहते आणि नाव सापडले नाही तर आकड्याकडे वळते. उपाय रास्त होता, पण नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे होत नाही. मॅक संगणकावर पहिल्या खात्याचा आकडा ५०१ आणि त्याच्या ‘स्टाफ’ गटाचा आकडा २० असतो. अशा संगणकावर बांधलेली पेटी डेबियन या लिनक्स वितरणाच्या, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचाच्या, सर्व्हरवर केवळ आकड्यांनुसार उघडली, तर यादीत मालकाच्या जागी उघडावाघडा ५०१ दिसतो आणि गटाच्या जागी ‘डायलआउट’ हे नाव उमटते, कारण डेबियनमध्ये २० हा आकडा मोडेमसारखी उपकरणे वापरू शकणाऱ्या गटाला दिलेला आहे. तीच पेटी नावांनुसार उघडली तर गट ‘स्टाफ’ दिसतो आणि सारे आलबेल वाटते. परंतु डेबियनचा ‘स्टाफ’ हा ५० क्रमांकाचा निराळाच गट आहे, आणि ‘/यूएसआर/लोकल’ या स्थानिक सॉफ्टवेअरच्या डिरेक्टरीत लिहिण्याची परवानगी त्याला परंपरेने दिलेली होती. पहिली चूक निदान डोळ्यांना तरी खटकते. दुसरी चूक ओळखीच्या नावाआड दडून राहते.

यंत्रे जाळ्याने जोडली जाऊ लागल्यावर आकड्याला वेस ओलांडण्यासाठी फितीचीही गरज उरली नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकाच्या मध्यावर आणलेल्या एनएफएस या व्यवस्थेत एका यंत्राची तबकडी दुसऱ्या यंत्रावर स्वतःचीच असल्यासारखी वापरता येई, आणि ‘मी अमुक क्रमांकाचे खाते आहे’ हे ग्राहक यंत्राचे म्हणणे सर्व्हर बहुतांशी खरे मानत असे. शून्याचा धोका उघड होता, म्हणून बाहेरच्या रूटला ‘नोबडी’ या अधिकारशून्य खात्यात रूपांतरित करण्याची सोय ठेवली गेली. पण त्या काळातल्या अनेक व्यापारी युनिक्स प्रणालींमध्ये प्रणालीचे प्रोग्राम रूटच्या नव्हे तर ‘बिन’ या खात्याच्या मालकीचे बसवले जात, आणि बिनचा आकडा शून्य नसल्याने वरची चाळणी त्याला अडवत नसे. परक्या यंत्रावर बिनचा आकडा धारण करणाऱ्याला, तबकडीवर लिहिण्याची मुभा असल्यास, रूट चालवणार असलेले प्रोग्रामच बदलता येत. प्रणालीच्या फायली रूटच्याच मालकीच्या असाव्यात, ही आजची सर्वमान्य रीत अशा अनुभवांतून स्थिरावली.

हेलसिंकीत १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची सुरुवात केली तेव्हा आकड्याने मालकी नोंदवण्याची ही पद्धत जशीच्या तशी त्यात आली. आकडा मोठा होत गेला तो फक्त रुंदीने : युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो दोन बाइटचा झालाच होता, आणि लिनक्सच्या २००१च्या २.४ या आवृत्तीत चार बाइटचा, म्हणजे ४२९ कोटींहून अधिक खाती मावतील इतका झाला; अर्थ मात्र यंत्रापुरताच राहिला. सुरुवातीच्या काळात सॉफ्टवेअर बसवण्याची रूढ रीत अशी होती की मूळ संहितेची टार पेटी आणायची, ती यंत्रावर उलगडून घडवायची आणि शेवटी रूट होऊन ‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यायची. पेटी रूटनेच उलगडली असेल तर तिच्यातील फायली लेखकाच्या यंत्रावरच्या आकड्यासह, उदाहरणार्थ १०००सह, येत. बहुतेक लिनक्स वितरणांत १००० हा आकडा सर्व्हरवर उघडलेल्या पहिल्या सामान्य खात्याला मिळतो, त्यामुळे प्रणालीच्या भागात ठेवलेली संहिता नकळत त्या खात्याच्या ताब्यात जाई आणि त्याला ती बदलता येई. तेथपर्यंत कोणी खोडसाळपणा केलेला नसे. दोन यंत्रांवरचे पहिले खातेदार एकाच आकड्याचे निघाले, एवढाच योग असे.

पॅकेज पद्धतीने या गोंधळाला प्रथमच संघटित उत्तर दिले. पॅकेज म्हणजे घडवून तयार केलेले सॉफ्टवेअर, त्यातील फायलींची यादी आणि बसवण्याच्या सूचना यांचा एकत्र संच. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनची पॅकेजे ‘डीपीकेजी’ हे साधन हाताळते, तर रेड हॅटने १९९५ मध्ये ‘आरपीएम’ आणले. आरपीएमने मालकाची नोंद आकड्याऐवजी नावाने ठेवली, आणि मल्टिक्सने जे फायलीपाशी केले होते ते वाहतुकीपुरते का होईना पुन्हा अस्तित्वात आले. तरीही पॅकेज बांधणाऱ्याचे स्वतःचे खाते हा कच्चा दुवा राहिलाच. पॅकेज सामान्य खात्यातून बांधले आणि मालक वेगळा सांगितला नाही तर बांधणाऱ्याचेच नाव पॅकेजात शिरते. म्हणून आरपीएमच्या सूचनापत्रात सर्व फायली रूटच्या समजाव्यात असे बजावणारी एक ओळ वर्षानुवर्षे ठरीव मजकुरासारखी लिहिली जात असे. आजही संहितेचे पॅकेज उघडताना ‘मॉकबिल्ड’ नावाचे खाते येथे नाही, त्याऐवजी रूट धरत आहे, अशी सूचना पडद्यावर येते. मॉकबिल्ड हे पॅकेज बांधणाऱ्या यंत्रावरचे खाते, आणि ते या यंत्रावर असण्याचे काही कारणच नसते.

डेबियनमध्ये याच दुव्यावर निघालेला उपाय अधिक कल्पक होता. पॅकेजातील फायली रूटच्या मालकीच्या दाखवायच्या तर पॅकेज रूटने बांधायला हवे, आणि रोजची बांधणी रूटने करणे म्हणजे चुकीला दार उघडे ठेवणे. या पेचातून ‘फेकरूट’ हे साधन जन्माला आले. फेकरूटच्या छायेत चालणाऱ्या प्रोग्रामने मालक बदलण्याची विनंती केली की कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, ती नाकारली तरी फेकरूट ते कळू देत नाही. विनंती मान्य झाल्याचे सोंग करते, खोटा मालक आपल्या वहीत टिपून ठेवते आणि पुढे कोणी विचारले तर वहीतला मालक सांगते. टार पेटी बांधताना हीच खोटी माहिती चिठ्ठ्यांत उतरते आणि परक्या यंत्रावर ती खरी ठरते. मालकी फायलीत नसून वहीत असते, हे युनिक्सचे मूळ सूत्र येथे दोष म्हणून नव्हे तर हत्यार म्हणून वापरलेले दिसते.

पॅकेजांमुळे प्रणालीच्या फायलींचा प्रश्न बराच सुटला, पण सेवांच्या खात्यांचा उरला. वेब सर्व्हर, विदासंच म्हणजे डेटाबेस, टपाल यांसारखी सेवा रूटच्या अधिकाराने चालवू नये म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र खाते दिले जाते, आणि त्या खात्याला आकडा कोणी द्यायचा यावर वितरणांची मते भिन्न झाली. डेबियनने ० ते ९९ हे आकडे मध्यवर्ती ठरवून दिले आणि ९९९ पर्यंतचे पुढचे आकडे पॅकेज बसेल तेव्हा वाटण्यासाठी मोकळे ठेवले. त्यामुळे वेब सर्व्हरच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ खात्याचा ३३ हा आकडा प्रत्येक डेबियनवर सारखा असतो, पण मायएसक्यूएल या विदासंचाच्या खात्याला मिळणारा आकडा त्याच्याआधी काय काय बसले होते यावर ठरतो. दोन सर्व्हरांवर तीच दोन पॅकेजे उलट क्रमाने बसवली तर त्यांच्या खात्यांच्या आकड्यांची अदलाबदल होऊ शकते, आणि एकाची तबकडी दुसऱ्याला जोडली की विदासंचाच्या फायली भलत्याच सेवेच्या ताब्यात दिसतात. रेड हॅटने उलट अनेक सेवांना कायमचे आकडे दिले : वेब सर्व्हरला ४८, मायएसक्यूएलला २७, पोस्टग्रेस या विदासंचाला २६. हे आकडे रेड हॅटच्या वेशीआत ठाम असले तरी डेबियनमध्ये २७ हा ‘सुडो’ गटाचा, म्हणजे रूटचे काम करण्याची मुभा असलेल्यांचा, आकडा आहे आणि २६ हा ‘टेप’ गटाचा. रेड हॅटवरील विदासंच आकड्यांसह उचलून डेबियनवर ठेवला तर गटाच्या रकान्यात हीच विसंगत नावे उमटतात.

आकडा पुन्हा वापरला जाण्याचा धोका याच व्यवस्थेतून येतो. एखादे पॅकेज काढून टाकताना त्याचे खातेही पुसले तर त्याने मागे ठेवलेल्या फायली बेवारस होतात, आणि नंतर बसलेल्या एखाद्या पॅकेजाला तोच आकडा मिळाला तर त्या फायलींचा वारसा त्याच्याकडे आपोआप जातो. नोंदवहीत ज्यांच्या मालकाचे नाव सापडत नाही अशा फायली हुडकण्याची सोय ‘फाइंड’ या शोधसाधनात म्हणूनच ठेवलेली आहे, आणि पॅकेज काढल्यावरही त्याचे खाते मागे ठेवण्याची पद्धत अनेक पॅकेजांत दिसते तीही याच कारणाने.

चुकीचा दुसरा प्रवाह आकड्याच्या स्थलांतरातून नव्हे, तर रूटचा अधिकार हवा तेव्हा हवा तेवढा उसना घेण्याच्या सोयीतून आला. ‘सुडो’ ही आज्ञा १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील केंद्रात बॉब कॉगशेल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिली. तिच्या आधारे सामान्य खातेदार एखादीच आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवू शकतो. अधिकार उसना असला तरी त्यातून तयार होणारी फाइल उसनी नसते, ती रूटचीच होते. पुढे जावास्क्रिप्टसाठी एनपीएमसारखी भाषानिहाय पॅकेज साधने आली, ती खातेदाराच्या घरच्या डिरेक्टरीत साठवण करू लागली, आणि एकदा सुडो लावून बसवलेल्या पॅकेजाने तेथे रूटच्या फायली सोडल्या की पुढच्या वेळी खातेदारालाच स्वतःच्या घरात प्रवेश नाकारला जाऊ लागला. हा त्रास टाळण्यासाठी अशा साधनांत सुडोमागचा खरा खातेदार ओळखून मालकी त्याला परत देण्याची युक्ती घालण्यात आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनपीएम ५.७.० मध्ये ही मालकीदुरुस्ती बहकली : काही डिरेक्टऱ्यांमधून सुडो लावून एनपीएम चालवले की ‘/ईटीसी’ आणि ‘/यूएसआर’ यांसारख्या प्रणालीच्याच डिरेक्टऱ्यांची मालकी सामान्य खातेदाराकडे जाऊ लागली. लगोलग निघालेल्या ५.७.१ ने तो बदल मागे घेतला. चुकीच्या मालकीवरचा उपायच तिचे कारण ठरल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

अशा वेळी यंत्र कसे अडते हे पाहिले की मालकीचे महत्त्व ध्यानात येते. सुडोचा प्रोग्राम स्वतः रूटच्या मालकीचा व सेट-यूआयडी खूण असलेला असावा लागतो. मालक बदलताच लिनक्स सुरक्षेपोटी ती खूणही काढून टाकते, त्यामुळे नुसता मालक पूर्ववत केल्याने भागत नाही, आणि चूक सुधारायला ज्या सुडोची गरज असते तेच आधी काम करायचे नाकारते. दूरवरून प्रवेश देणारी एसएसएच सेवा घरच्या डिरेक्टरीची मालकी चुकलेली दिसली तर खातेदाराची किल्ली मान्य करीत नाही. पोस्टग्रेस आपल्या विदेची डिरेक्टरी दुसऱ्याच्या नावावर दिसली तर सुरूच होत नाही. वर्डप्रेस हे संकेतस्थळांचे सॉफ्टवेअर आपण तयार केलेल्या फायलीचा मालक आणि आपल्या मूळ फायलींचा मालक एकच आहे का हे तपासते, आणि तसे नसेल तर नवे पॅकेज बसवण्याआधी एफटीपीचा पासवर्ड मागते. ज्याला या प्रश्नामागचे कारण उमगत नाही तो सर्वांना सर्व परवानग्या देणारा ७७७ हा रामबाण काढतो. त्याने मालकाचा प्रश्न सुटत नाही, म्हणून पासवर्डची विचारणाही थांबत नाही; मालक कोणीही असो, लिहिण्याचा हक्क सगळ्यांना, एवढाच त्याचा अर्थ होतो.

दुरुस्तीची साधनेही पॅकेजांच्याच दप्तरावर उभी आहेत. आरपीएमकडे प्रत्येक फायलीचा ठरलेला मालक नोंदलेला असल्याने ते तपासणीत मालक बदलला असल्यास एका अक्षराने तसे दाखवते आणि मूळ मालक परतही देऊ शकते. डेबियनमध्ये बिघडलेली पॅकेजे पुन्हा बसवणे हा अधिक रुळलेला मार्ग आहे. पण दप्तरात असतात त्या फक्त पॅकेजाबरोबर आलेल्या फायली. विदासंचातील नोंदी, ग्राहकांनी चढवलेली चित्रे, लॉग म्हणजे सेवेची रोजनिशी, हे सारे बसवल्यानंतर निर्माण होते आणि त्याचा मालक कोण असावा हे कोणत्याही पॅकेजाला ठाऊक नसते. सर्वांत मोलाचा ऐवज नेमका नोंदीबाहेर राहतो.

२०१३ मध्ये आलेल्या डॉकरने जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे ठेवला. डॉकरचा कंटेनर म्हणजे स्वतःची नोंदवही असलेली, पण यजमान यंत्राचाच कर्नल वापरणारी बंदिस्त जागा. एकाच कर्नलवर, एकाच तबकडीवर आता दोन नोंदवह्या नांदू लागल्या. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉकर प्रतिमेत, म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो त्या साच्यात, तिच्या डेबियन रूपात, सेवेच्या खात्याला ९९९ हा आकडा दिलेला आहे. तिची विदा यजमानाच्या डिरेक्टरीत ठेवली की यजमान आपल्या वहीत ९९९ शोधतो, आणि सिस्टिमडी ही आजची व्यवस्थापक प्रणाली सेवांचे आकडे ९९९ पासून खाली वाटत जात असल्याने तेथे बहुधा एखाद्या असंबद्ध सेवेचे नाव सापडते. १९७९ मध्ये फीत दुसऱ्या गावी न्यावी लागत होती. आता दोन गावे एकाच वाड्यात आली.

यावरचे कर्नलमधील उपायही उल्लेखनीय आहेत. २०१३च्या ३.८ या आवृत्तीत पूर्णत्वास आलेल्या ‘यूजर नेमस्पेस’ योजनेने कंटेनरमधले आकडे बाहेरच्या दुसऱ्या आकड्यांशी जोडण्याची सोय केली, ज्यामुळे आतला शून्य बाहेर अधिकारहीन ठरू शकतो. आणि २०२१च्या ५.१२ या आवृत्तीने तबकडी जोडतानाच तिच्यावरच्या आकड्यांचे भाषांतर करण्याची सोय दिली, ज्यामुळे तबकडीवर एक आकडा राहूनही वापरणाऱ्याला दुसरा दिसतो. टारच्या चिठ्ठीतील नावे, आरपीएमची नावाने नोंद, फेकरूटची वही, वितरणांनी राखून ठेवलेले आकडे आणि कर्नलमधील ही भाषांतरे या सर्वांत एक साम्य आहे : प्रत्येकाने वेशीवर दुभाष्या नेमला, वेशीआतल्या आयनोडला कोणीच हात लावला नाही. आयनोडात नाव घालायचे तर पन्नास वर्षांचे प्रोग्राम, तबकड्या आणि पेट्या बदलाव्या लागल्या असत्या. दुभाष्या त्या मानाने नेहमीच स्वस्त पडला.

म्हणूनच अनुभवी व्यवस्थापक नवे सॉफ्टवेअर बसवल्यावर किंवा जुनी तबकडी जोडल्यावर ‘एलएस’ला एक छोटा पर्याय जोडून नावांऐवजी थेट आकडे छापून घेतात. नावांची यादी पाहिली तर यंत्र काय समजते ते कळते. आकड्यांची यादी पाहिली तर फायलीवर प्रत्यक्षात काय लिहिले आहे ते कळते, आणि सहाव्या आवृत्तीच्या ३२ बाइटच्या नोंदीत मालकाचा जो आकडा होता, तोच, रुंदीने वाढलेला पण अर्थाने तेवढाच, आजच्या सर्व्हरच्या पडद्यावर उमटतो.